एकाच शब्दातले दोघे

खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला होता. निळ्या शाईत, हाताने लिहिलेला, पाच-सहा ओळींचा. फ्रान्समधल्या बोन या गावापासून थोड्या अंतरावर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध असलेल्या एका घराच्या माडीवरची ती खोली होती. घरमालक सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे गृहस्थ होते आणि माडीवरच्या दोन खोल्या ते प्रवाशांना देत असत. माझी लेक दिजाँच्या विद्यापीठात शिकते. तिला सुट्टी मिळाली म्हणून आम्ही दोघी दोन रात्रींसाठी तिथे गेलो होतो. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. बाहेर धुके होते, मळ्यांतली पाने पिवळी-तांबडी होऊन गळत होती आणि खोलीत जुन्या लाकडाचा व मेणाचा वास होता. लेकीने तो कागद मला वाचून दाखवला. पहिल्या ओळीत होते, पाहुण्यांनी कृपया जिन्याखाली बूट काढून ठेवावेत. मग गरम पाण्याविषयी, मग रात्री फाटकाला कडी घालण्याविषयी. शेवटी, सहीच्या जागी, 'तुमचा यजमान'. मी सहज जवळ जाऊन पाहिले, तर पहिल्या ओळीतला 'पाहुणे' आणि शेवटच्या ओळीतला 'यजमान' हा एकच शब्द होता. तीच अक्षरे, ओ या अक्षरावर तशीच छोटी टोपी. वरच्या शब्दाला अनेकवचनाचा, उच्चारात न येणारा एक एस जोडलेला, एवढाच काय तो फरक. मी म्हटले, "तू काहीतरी चुकीचं वाचते आहेस." ती म्हणाली, "नाही गं आई, दोघांनाही ओतच म्हणतात. संदर्भावरून कळतं."

संदर्भावरून कळतं, हे तिचे वाक्य काही केल्या मनातून जाईना.

मराठीत ही गल्लत व्हायची सोयच नाही. पाहुणा झोपाळ्यावर बसतो, यजमान उभा राहतो. पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणत पानावर हात आडवा धरतो, यजमान त्या हाताच्या फटीतून तूप वाढतो. पाहुणा हा शब्द संस्कृतातल्या 'प्राघुण' या शब्दापासून प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे आला, तर यजमान हा मुळात यज्ञ करणारा, ज्याच्या घरी अग्नी आहे तो. पुढे तो घरधनी झाला, आणि माझ्या आईच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव घ्यायला नको म्हणून 'आमचे यजमान' म्हणू लागल्या. आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे, अशी माणसांची अदलाबदल होईल. परंतु शब्द आपापल्या पाटावरून हलणार नाहीत. इथे मात्र ज्या माणसाने दार उघडले तो आणि ज्याने दार ठोठावले तो, दोघेही एकाच नावाने हाक मारल्यावर वळून पाहणार होते. अशा घरगुती खोलीला फ्रेंचमध्ये 'शांब्र दोत' म्हणतात, म्हणजे ओतची खोली. कोणत्या ओतची, देणाऱ्याची की राहणाऱ्याची, असा प्रश्न तिथल्या कोणाला पडत असेल असे वाटत नाही. मला पडला, कारण मी बाहेरची होते.

त्या टोपीपासून सुरुवात करते. फ्रेंचमधल्या अनेक शब्दांत स्वरावर दिसणारी ही टोपी म्हणजे तिथून निघून गेलेल्या एस या अक्षराची खूण असते. हा शब्द पूर्वी 'होस्त' असा होता. एस बोलण्यातून गेला, तरी लिहिण्यात कित्येक शतके राहिला, आणि फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७४० सालच्या आवृत्तीत त्याला रजा देऊन त्याच्या जागी टोपी आली. हे वाचले तेव्हा मला आजीची पत्रे आठवली. 'घरांत', 'कांहीं', 'नांव' अशी टिंबे देऊन ती लिहायची. जे अनुनासिक उच्चार तिच्याही तोंडून केव्हाच गेले होते, त्यांच्या जागा तिने टिंबे देऊन राखून ठेवल्या होत्या. १९६२ च्या नियमांनी ती टिंबे काढून टाकली. आजीने शेवटच्या पत्रापर्यंत काढली नाहीत. फ्रेंच माणसाने आपली टोपी ठेवली, म्हणूनच ओत, ओतेल आणि ओपिताल या तीन शब्दांचे घराणे अजून नजरेने ओळखता येते. टोपीच्या जागी एस परत ठेवून पाहिला की इंग्रजीतला होस्ट दिसतो, हॉस्टेल दिसते, हॉस्पिटल दिसते. पुण्यात शिकायला येणारी मुलगी हॉस्टेलवर राहते आणि हॉटेलात जेवते, तेव्हा ती एकाच शब्दाच्या दोन रूपांतून ये-जा करत असते: एकात तो एस राहिला आहे, दुसऱ्यात गळला आहे.

या सगळ्यांच्या मागे लॅटिनमधला 'होस्पेस' उभा आहे, आणि पाहुणा व यजमान हे दोन्ही अर्थ त्याच्यातच होते; फ्रेंचने ते नव्याने जोडलेले नाहीत. इटालियन भाषेतला 'ओस्पिते' आजही दोघांचा आहे. पण होस्पेस हा एकसंध शब्द नाही, त्यात दोन तुकडे आहेत. दुसरा तुकडा ऐकून मी चमकले, कारण तो आपला 'पति' आहे. गृहपति, सेनापति यांतला पति, म्हणजे धनी. तोच लॅटिनमध्ये इतका आकसून बसला आहे की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. हॉस्पिटल या शब्दातला 'प' हा आपल्या पतीचा 'प' आहे, हे कळल्यापासून मला तो शब्द पूर्वीसारखा ऐकू येत नाही. पाहुण्यांचा पती, म्हणजे पाहुण्यांच्या बाबतीत ज्याचा शब्द चालतो तो. स्लाव्ह भाषांतही हीच जोडी दिसते: रशियन भाषेत परमेश्वराला 'गोस्पोद' म्हणतात, चेक भाषेत 'होस्पोदा' म्हणजे बिअर पिण्याची जागा. परमेश्वर आणि गुत्ता एकाच मुळावर वाढलेले पाहून कोणाला अवघडल्यासारखे होईल. मला तसे वाटले नाही, कारण थकलेल्या वाटसरूला दोन्ही ठिकाणी आत घेतले जाते. मात्र एक सल राहिला. पतीही पुरुष, यजमानही पुरुष. आणि चुलीपुढे बसून त्या पाहुण्यासाठी भाकरी थापणारी बाई या शब्दाच्या कुठल्याच तुकड्यात नाही.

पहिला तुकडा जास्त अवघड आहे. तो इंग्रजीत 'गेस्ट' होतो, जर्मनमध्ये 'गास्ट', रशियनमध्ये 'गोस्त', आणि या सगळ्या ठिकाणी त्याचा अर्थ पाहुणा असाच आहे. जुन्या रशियात परमुलखातून माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यालाही गोस्तच म्हणत. सेंट पीटर्सबर्गमधल्या 'गोस्तिनी द्वोर' या जुन्या बाजारपेठेच्या नावात तो व्यापारी अजून आहे. लॅटिनमध्ये मात्र हाच शब्द 'होस्तिस' झाला, आणि होस्तिस म्हणजे शत्रू. बिचकवणारी गोष्ट ही, की तो नेहमीच शत्रू नव्हता. रोमच्या सर्वांत जुन्या कायद्यात, इसवी सनापूर्वी सुमारे ४५० च्या 'बारा पाट्यां'मध्ये, होस्तिस म्हणजे केवळ परका माणूस, ज्याच्याशी न्यायालयात तारीख ठरवता येते असा. पुढे चारशे वर्षांनी सिसेरोने आपल्या वाचकांना मुद्दाम सांगितले, की आपण ज्याला आज परदेशी म्हणतो त्याला आपले पूर्वज होस्तिस म्हणत असत. म्हणजे त्याच्या काळापर्यंत हा बदल पुरता झाला होता. परका जिथल्या तिथेच उभा होता. त्याच्याकडे पाहणाऱ्यांची नजर बदलली होती.

हे रोमन लोकांचे काहीतरी निराळे होते, असे म्हणून सुटता येत नाही. आपला 'अरि' घ्या. मराठीत तो मुरारी, त्रिपुरारी अशा नावांतून शत्रू म्हणूनच उरला आहे. पण ऋग्वेदात अरि कधी शत्रू वाटतो, तर कधी ज्याच्या घरी जावे किंवा ज्याला घरी बोलवावे असा कोणी वाटतो. पाउल थीमे या जर्मन पंडिताने १९३८ मध्ये असे मांडले, की अरि म्हणजे मुळात परका. शत्रू आणि अतिथी हे दोन्ही अर्थ त्या परकेपणातूनच फुटले. सगळ्या विद्वानांनी हे मान्य केले नाही, आणि त्या वादात पडण्याचा अधिकार मला नाही. मला तो अर्थ पटला, तो शास्त्रामुळे नव्हे. आमच्या घरी मी तो पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोनचे ओतेल-द्यो पाहायला गेलो.

ओतेल-द्यो म्हणजे देवाचे अतिथीगृह. फ्रान्समध्ये गावोगावच्या जुन्या इस्पितळांना हेच नाव असे. बोनचे इस्पितळ बर्गंडीच्या ड्यूकचा मंत्री निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये स्थापले. शंभर वर्षांचे युद्ध, लूटमार आणि रोगराई यांनी मुलूख उजाड झाला होता, त्या दिवसांतले ते काम. १४५२ च्या पहिल्या दिवशी तिथे पहिला रोगी आला आणि १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्णसेवा चालू होती. आज ते संग्रहालय आहे. अंगणातून वर पाहिले की छपराची तांबडी, पिवळी, हिरवी, चकचकीत कौले एखाद्या पैठणीच्या पदरासारखी दिसतात. आत गरिबांचे दालन आहे: उलट्या होडीसारखे उंच लाकडी छत, दोन्ही भिंतींना लागून ओळीने पलंग, पलंगांना लाल पडदे, आणि टोकाला प्रार्थनेची वेदी, म्हणजे अंथरुणावरूनही ती दिसावी. तिथली कथलाची भांडी पाहत मी उभी राहिले. राखाडी, मऊ चमक. चांदीसारखी थंड नव्हे, पाण्यावर ढग उतरल्यासारखी. ती चमक मला ओळखीची होती, आणि कुठली, हे आठवायला क्षणभरही लागला नाही.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी दरवर्षी दिवाळी सरली की कल्हईवाला येत असे. खळ्याच्या कोपऱ्यात तो लहानसा खड्डा करी, त्यात कोळसे पेटवी, चामड्याचा भाता जोडी. घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी बाहेर यायची: पातेली, तपेली, परात, ज्यातले वरण आम्ही रोज जेवत होतो तो टोप. भांडे तापले की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, आणि नाकात झणझणणारा पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी आत टेकवायची, ती क्षणात वितळायची, आणि हातातल्या कापसाच्या बोळ्याने तो ती चांदी भांड्याच्या पोटात सर्वत्र फिरवायचा. एका फेऱ्यात काळे पोट उजळून निघे. लगेच भांडे पाण्यात. चर्र असा आवाज, आणि मग ते माझ्या हातात. तो आजीला काकी म्हणायचा. आजी पडवीतून विचारायची, "खंय होतंस रे इतके दिस?" त्याच्या मुलांची नावे तिला पाठ होती. जाताना ती त्याला पैशांखेरीज तांदूळ द्यायची, नारळ द्यायची, सूप भरून द्यायची, हात आखडून नव्हे. एका वर्षी तो आला नाही, तर तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे त्याची चौकशी केली होती.

त्याचा चहाचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा असे.

पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. वर्षभर त्याला कोणी हात लावत नसे. तो आला की स्वतःच जाऊन घ्यायचा, विसळायचा, समोर धरायचा. आजी वरून चहा ओतायची. पिऊन झाल्यावर तो स्वतःच धुऊन परत पालथा घालायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजी पूजेत होती, म्हणून चहा मी घेऊन गेले, आणि न कळून तो घरातल्या कपात घेऊन गेले, कान असलेल्या. त्याने तो कप पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. काही न बोलता तो उठला, कोनाड्यातला आपला कप आणला, चहा त्यात ओतून घेतला आणि आमचा रिकामा कप जमिनीवर, माझ्या पायांशी ठेवला, हातात दिला नाही. मला ओरडा बसू नये म्हणून त्याने तसे केले, हे आज समजते. तेव्हा मला फक्त वाईट वाटले, आणि कशाचे ते कळले नाही. आजीने देवघराच्या खिडकीतून पाहिले होते. ती मला रागावली नाही. पण तो कप घरात परत आला नाही. त्या दिवसापासून कोनाड्यात दोन कप झाले. मी विचारले, "त्याने सगळ्या भांड्यांत आतून हात फिरवला, ते कसं चालतं?" ती म्हणाली, "धातू अग्नीने शुद्ध होतो बाय, चिनीमाती होत नाही." हे उत्तर तिने इतक्या सरळपणे दिले, की त्यात तिला स्वतःला कुठेही गाठ दिसत नव्हती याची मला खात्री आहे. तिच्या डोक्यावर, माजघराच्या दारावर, माझ्या आत्याने लोकरीने विणून चौकटीत बसवलेले 'अतिथिदेवो भव' होते.

ते दालन पाहून बाहेर आल्यावर अंगणातल्या विहिरीजवळ उभ्या उभ्या मी हे लेकीला सांगितले. तिने आजीला पाहिलेले नाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तू कधी सांगितलं नाहीस." खरे आहे. आजीच्या हातच्या घावनांविषयी मी तिला शंभर वेळा सांगितले आहे.

लॅटिन होस्तिसविषयीची एक गोष्ट मला या कपाशेजारी ठेवावीशी वाटते. फेस्टस या रोमन कोशकाराने लिहून ठेवले आहे, की त्या जुन्या काळच्या परक्यांना होस्तिस म्हणत, कारण त्यांचे हक्क रोमन जनतेच्या बरोबरीचे होते. आणि 'होस्तिरे' या क्रियापदाचा अर्थच बरोबरी करणे, समान करणे असा होता. एमिल बँव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हाच धागा उचलून सांगितले, की होस्तिस म्हणजे ज्याच्याशी देणे-घेणे बांधले गेले आहे असा परका: मी दिले त्याची तू फेड केलीस, तू दिलेस त्याची मी. दोन घराण्यांत असे नाते जडले की एका खुणेचे दोन जुळे भाग करून एकेक जवळ ठेवत. पिढ्यांनंतर कोणी परमुलखातून आपला तुकडा घेऊन आला आणि तो जुळला, की त्याला आत घ्यायचे. स्पेनमध्ये अशा ब्राँझच्या खुणा सापडल्या आहेत. काही प्राण्यांच्या आकाराच्या आहेत, तर काही हातात हात गुंफल्याच्या आकाराच्या. त्या हातांची चित्रे मी पुष्कळ वेळ पाहत बसले होते. आमच्याकडेही देणे-घेणे होते. तो चमक द्यायचा, आजी तांदूळ द्यायची. त्याचा माग ती ठेवायची, तिचा तो. कोनाड्यातला कप हीसुद्धा एक जपून ठेवलेली खूणच होती, वर्षानुवर्षे त्याच्याच नावाची. होस्तिसमध्ये जे होते त्यातले सगळे होते, एक बरोबरी सोडून. आणि बरोबरी काढून घेतली की त्या शब्दातून किती जाते, हे मला कोश वाचून कळायच्या आधी पायांशी ठेवलेल्या कपाकडे पाहून कळायला हवे होते.

इस्पितळ हा आजीचा शब्द. पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे आला असे मानतात, आणि गोव्याला लागून असलेल्या आमच्या मुलखात तो हॉस्पिटलपेक्षा जास्त मुरलेला होता. जुन्या गोव्यात पोर्तुगीजांचे राजेशाही इस्पितळ होते. १६०८ मध्ये तिथे आजारी होऊन पडलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे, रोग्यांना चिनीमातीच्या बशांतून जेवण मिळे असेही लिहिले आहे. पण ते मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. तिथेही दारात कोणाला आत घ्यायचे हे ठरलेले होते. आजीचे शेवटचे अकरा दिवस तालुक्याच्या गावी इस्पितळात गेले. तिथे सगळ्या खाटांना मिळून दोन स्टीलचे पेले होते. पाणी पाजायला येणारी आया कोण, कुठली, हे आजीने विचारले नाही. विचारण्याइतके त्राण नव्हते, की विचारायचे राहिले नव्हते, मला सांगता येणार नाही. आया तिच्या मानेखाली हात घालून तिला उठवायची आणि आजी तिच्या मनगटाला धरून पाणी प्यायची. एकदा मी पेला घ्यायला पुढे झाले, तर आजी म्हणाली, "राहू दे, तिला जमता." ही आठवण मी आजीच्या बाजूने पुरावा म्हणून वापरू का, असे माझ्या मनात अनेकदा आले आहे. वापरवत नाही. पण ती टाकूनही देता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. स्वयंपाकघरात घरमालकांनी कॉफी केली होती. त्या भागात सकाळची कॉफी अजूनही अनेक घरांत वाडग्यातून पितात. मोठा, गोल, बिनकानाचा वाडगा, जो दोन्ही हातांनीच धरावा लागतो. त्यांनी तीन वाडगे काढले, एकसारखे, पांढरे, आणि आधी आमच्यापुढे, मग स्वतःपुढे ठेवले. मला त्या वाडग्यांचे फार कौतुक वाटू लागले, तेव्हा मी स्वतःला आठवण करून दिली, की आम्ही दोन रात्रींचे पैसे मोजले आहेत. आजीही कल्हईवाल्याला पैसे मोजूनच देत होती, पैशांनी हा प्रश्न इकडे सुटत नाही आणि तिकडेही नाही. लेकीने त्यांना दारावरच्या कागदाविषयी विचारले. ते वर जाऊन कागद पाहून आले. इतकी वर्षे तो तिथे होता, पण हे कधी लक्षात आले नव्हते, असे म्हणाले. बदलायला हवा का, असेही त्यांनी विचारले. मी लेकीला म्हटले, "नको म्हणून सांग."

कॉफी संपल्यावर मी माझा वाडगा धुवायला उठले. त्यांनी हातानेच मला बसवले, तिन्ही वाडगे नळाखाली धरले आणि फडक्यावर ओळीने पालथे घातले. बॅग उचलताना मी पुन्हा एकदा तिकडे पाहिले. त्यातला त्यांचा कोणता आणि माझा कोणता, हे मला ओळखता आले नाही.